मागच्या सीटवर बसा, रेकॉर्ड सांभाळा

सरका आत. अहो, त्या खोक्यावर नका बसू, त्यात रेकॉर्ड आहेत! पाय असे आडवे घ्या, पिशवी मांडीवर ठेवा आणि डोकं जरा वाकवूनच बसा. गाडीच्या टपाचं आतलं कापड सैल होऊन लोंबतंय, ते केसांना चिकटतं. झालं? आता खिडकीची काच खाली करा. वारा येईल या भ्रमात राहू नका, येईल ती झळच. पण काच वर ठेवलीत तर आत शिजून निघाल.

साल 1960, दिवस उन्हाळ्याचे, आणि बाहेर नैर्ऋत्य अमेरिकेचा वाळवंटी पट्टा. रस्ता सरळ, निवडुंग उभे, झाड म्हणाल तर नाही. रेक्झिनची सीट उन्हानं इतकी तापलीय की टेकल्याबरोबर पाठ उचलावीशी वाटते, आणि पाच मिनिटांनी घामानं अशी चिकटते की उठताना चर्रकन आवाज येतो. पेट्रोलचा वास, सिगारेटचा वास, ब्रेडचा वास. पुढे स्टिअरिंगवर आहे ऑलिव्हर लिन, ज्याला बायको ‘डू’ म्हणते आणि मित्र ‘मूनी’. शेजारी त्याची बायको लोरेटा, वय अठ्ठावीस. पंधराव्या वर्षी लग्न झालं, आता चार मुलांची आई आहे. मुलं मागे ठेवून दोघं निघालेत, आणि गाडीत मुलांचा विषय फारसा निघत नाही. निघाला की ती खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून तुम्हीही काढू नका.

भूक लागली असेल तर तो कागदात गुंडाळलेला पुडा घ्या. बलोनी-चीज सँडविच. बलोनी म्हणजे मांस बारीक वाटून केलेलं जाड सॉसेज. त्याच्या गुलाबी, मऊ चकत्या ब्रेडमध्ये घालतात. शाकाहारी असाल तर चकती काढून खिडकीबाहेर टाका आणि चीज-ब्रेड खा. दुसरं काही मिळणार नाही. काल हेच होतं, उद्याही हेच असेल. हॉटेलात जेवायचं ठरवलं तर पेट्रोलचे पैसे उरत नाहीत, आणि हॉटेलात झोपायचा विषय तर काढूच नका. रात्री हीच सीट तुमचा पलंग.

तुम्हाला फुकट आणलेलं नाही, काम आहे. त्या खोक्यातल्या रेकॉर्ड सात इंची, मध्ये मोठं भोक, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या. ऊन थेट पडलं तर त्या पापडासारख्या वाकतात, आणि वाकलेल्या रेकॉर्डवर सुई अशी उड्या मारते की कुठलाही रेडिओवाला ती हाती धरणार नाही. तेव्हा सूर्य डावीकडे आला की खोकं उजवीकडे सरकवायचं, वर टॉवेल टाकायचा, आणि तरीही चटका बसला तर स्वतःची सावली द्यायची. एक रेकॉर्ड काढून बघा हवं तर. बोटं कडेला लावा, खाचांवर नाही! लेबलवर कंपनीचं नाव आहे: झीरो. शून्य. तुम्ही हसलात, पण पुढे मोठ्यानं हसू नका. एका बाजूला ‘आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल’, दुसऱ्या बाजूला ‘व्हिस्परिंग सी’. दोन्ही गाणी पुढच्या सीटवरच्या बाईंनी स्वतः लिहिलेली.

आता गाडीतून जरा उतरा आणि काही महिने मागे, पार उत्तरेला चला. छत्री घ्या.

वॉशिंग्टन राज्यातलं कस्टर. कॅनडाची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि पाऊस असा की धुतलेले कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. हवेत ओल्या लाकडाचा वास, कारण सगळा मुलूख झाडं तोडून पोट भरणारा. डूही लाकूडतोडीच्या कामावर होता. हंगामात शेतात कंबर मोडेपर्यंत स्ट्रॉबेरी तोडायची. घरी चार पोरांचं धुणं, वर लोकांचंही धुणं आणि साफसफाई. ही बाई केंटकीच्या डोंगरातल्या बुचर हॉलरची, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याची लेक. लहानपणी त्यांच्या घरात बॅटरीवर चालणारा एक फिल्को रेडिओ होता. शनिवारी रात्री त्यावर नॅशव्हिलचा कार्यक्रम लागायचा आणि आख्खं घर त्याच्याभोवती बसायचं. पुढे काम करताना ती गुणगुणायची. ते नवऱ्यानं ऐकलं आणि सतरा डॉलरची एक हार्मनी गिटार आणून हातात ठेवली. या नवऱ्याबद्दल सांगण्यासारख्या वाईट गोष्टीही पुष्कळ आहेत, आणि लोरेटानं त्या आत्मचरित्रात लपवलेल्या नाहीत. पण बायकोचा आवाज विकला जाऊ शकतो हे त्याला तिच्याआधी कळलं, एवढं श्रेय त्याला द्यावंच लागतं.

संध्याकाळी त्या भागातल्या क्लबात शिरा. दारातच धुराची भिंत लागते. बुटांना चिकटणारी जमीन, सांडलेल्या बिअरचा आंबूस वास, लाकूडतोडे आणि शेतमजूर, त्यांच्या ओल्या लोकरी शर्टांची उबट घाण. हाँकी टाँक म्हणतात तो हाच प्रकार: स्वस्त बिअर, नाचायला चार हात जागा, कोपऱ्यात बँड किंवा ज्यूकबॉक्स. एका टेबलावर एक बाई एकटी बसलीय आणि ग्लासात बघत रडतेय. नवऱ्यानं टाकलेली. तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण ती रोज येते. माइकसमोर उभी असलेली लोरेटा मात्र बघतेय. तिला या गाण्यासाठी आणखी काही शोधावं लागलं नाही. घराबाहेरच्या संडासाच्या भिंतीला पाठ टेकून, त्या सतरा डॉलरच्या गिटारवर तिनं गाणं जुळवलं. गाणारी मंडळी मुलाखतीत डोंगर, नदी, चांदणं असलं काही सांगतात. हिनं ही जागाही जशीच्या तशी सांगितली.

मग टकोमाला गायक बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायली. हद्दीपलीकडे व्हँकूव्हरला नॉर्म बर्ली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ते पाहिलं आणि रेकॉर्ड काढायला पैसे दिले. त्यातून झीरो उभी राहिली. फेब्रुवारीत हॉलिवूडच्या वेस्टर्न रेकॉर्डर्स स्टुडिओत गाणं झालं.

तिथे काचेच्या अलीकडे उभे राहा आणि खोकू नका. आज गायकाचा आवाज एक दिवस, तबला दुसऱ्या दिवशी, चूक संगणकावर दुरुस्त, असं चालतं. इथे सगळे एका खोलीत, एकाच वेळी वाजवतात, आणि कुणाचा तरी बूट जोरात आपटला तरी पुन्हा पहिल्यापासून. स्टील गिटारवर स्पीडी वेस्ट आहे. हे वाद्य मांडीशी आडवं असतं. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरते आणि सूर एका जागी न थांबता पुढच्या सुरात ओघळतो. या माणसाला खरंतर वेगानं, आतषबाजीसारखं वाजवण्याची खोड. इथे तो हात आखडता घेतो, पण मधूनच एक असा लांब हुंदका काढतो की क्लबातली ती बाई तुम्हाला पुन्हा दिसते. लोरेटाचा आवाज उंच, सरळ, नाकातून किंचित धारदार झालेला. तिचा आदर्श गायिका किटी वेल्स, आणि तो लपत नाही. अडीच मिनिटांच्या आत गाणं संपतं. तुमचा चहा निवायच्या आत, म्हणा. चहा इथे मिळत नाही, कॉफी आहे, तीही कडू.

रेकॉर्ड तयार झाल्या. पुढे काय? मोठ्या कंपन्यांकडे विक्रीला माणसं असतात, गावोगावचे वितरक असतात. रेडिओच्या डीजेला नावानं हाक मारणारी, त्याच्या बायकोची तब्येत विचारणारी माणसं असतात. झीरोकडे होते डू, लोरेटा आणि पोस्टाची तिकिटं. डूनं बायकोचा फोटो काढला, आणि तो घालून देशभरच्या कंट्री संगीत वाजवणाऱ्या स्टेशनांना तीन हजारांहून जास्त पाकिटं गेली. बसा तुम्हीही जमिनीवर. रेकॉर्ड, फोटो, पुठ्ठा, पाकीट. जीभ फिरवा, दाबा, पुढचं घ्या. पन्नासाव्या पाकिटाला जिभेवर डिंकाचा थर बसतो आणि शंभराव्याला कॉफीलाही डिंकाची चव लागते. पत्ते हातानं लिहायचे. मधेच कुणाचं तरी पोर येऊन तिकिटांचा ताव पळवतं.

आणि पाकिटं टाकून घरी बसायचं नाही, म्हणून तर ही गाडी. चला, परत आत बसा. स्टेशन आलं.

ते पुढे दिसतंय ते. माळरानात एक मनोरा, तारांनी ताणून धरलेला, आणि पायथ्याशी एक ठेंगणी इमारत. बघून वाटतं वीजमंडळाचं काहीतरी असेल. हेच गावाचं रेडिओ स्टेशन. अशी किती तरी छोटी एएम स्टेशनं सूर्य मावळला की प्रसारण बंद करतात, परवानाच तेवढा. त्यामुळे गाडी पोचायची ती उजेडी. थांबा, लगेच आत जायचं नाही. तुम्ही उतरा आणि तिकडे निवडुंगाकडे तोंड करून उभे राहा. मागच्या सीटवर लोरेटा कपडे बदलतेय. चांगला झगा एकच. प्रवासात तो जपून ठेवायचा, स्टेशनाच्या दारात घालायचा, बाहेर आलं की परत उतरवायचा. सगळा मेकअप, केस, पट्टा, या तापल्या डब्यात वाकून बसून. झाली? आता वळा. अर्ध्या तासापूर्वी सँडविच खाणारी ती हीच, यावर तुमचा विश्वास बसत नाही.

आत पंखा फिरतोय, पण तो हवा इकडची तिकडे करण्यापलीकडे काही करत नाही. टेलिप्रिंटर खडखडतोय. भिंतीला भोकाभोकाचे आवाज-शोषक तक्ते, राखेनं भरलेली बशी, आणि डीजेच्या मागे, टेबलाखाली, खिडकीत, सगळीकडे रेकॉर्डच रेकॉर्ड. निम्म्या पाकिटांना कुणी हातही लावलेला नाही. तुमच्या पोटात गोळा येतो, कारण अशाच एखाद्या ढिगात तुम्ही जीभ लावून बंद केलेलं पाकीट असणार. डीजे लोकांना याच साली आणखी एक धास्ती आहे: पैसे घेऊन गाणी वाजवल्याची चौकशी थेट राजधानी वॉशिंग्टनपर्यंत गेलीय. हे जोडपं मात्र द्यायला काहीच आणत नाही. त्यांच्याकडे आहे ती एक रेकॉर्ड आणि समोर बसायची तयारी.

लोरेटा बसते. डू बोलतो. डीजे घड्याळाकडे बघतो. कुठे दहा मिनिटं, कुठे दोन तास. शेवटी हात पुढे येतो आणि तुमच्या खोक्यातली रेकॉर्ड त्याच्या हातात जाते. आता त्याच्या बोटांकडे नीट बघा. रेकॉर्ड चकतीवर. सुई अलगद कडेला. बोटानं रेकॉर्ड पुढे सरकवत तो गाण्याचा पहिला सूर शोधतो, लाउडस्पीकरमधून एक जाड, पेंगुळलेला ‘वूंऽऽ’ निघतो, की लगेच तो रेकॉर्ड पाव फेरा उलटी फिरवतो आणि कडेला बोट टेकवून धरतो. खाली चकती फिरतेय, वर रेकॉर्ड थांबलीय. दुसऱ्या हातानं माइक सुरू. गावातल्या दुकानाची जाहिरात, हवामान, मग हे नाव: लोरेटा लिन. नाव सांगून संपतं न संपतं तोच बोट उचललं जातं.

आणि ते सुरू होतं. इथल्या लाउडस्पीकरवर, बाहेरच्या आपल्या गाडीत, गावातल्या न्हाव्याच्या दुकानात, कापसाच्या शेताकडेला उभ्या ट्रकमध्ये. लोरेटा मांडीवर हात घट्ट धरून बसलीय. टाळ्या वाजवणारं कुणी नसतं. स्टेशनमधला फोन वाजला तर ती टाळी समजायची. एका ठिकाणी तो वाजतो, पण कुणाची तरी म्हैस, माफ करा, गाय हरवलीय, ते सांगायला.

तुम्ही ‘कोल मायनर्स डॉटर’ हा 1980 चा सिनेमा पाहिला असेल. लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि हा स्टेशनांचा प्रवास त्यात मजेत दाखवलाय. सिनेमा चांगलाच आहे. पण त्यात दोन स्टेशनांच्या मधला रस्ता बराचसा कापून टाकलाय. तुम्ही आहात ते नेमकं त्या कापलेल्या भागात. त्या भागात टायर पंक्चर होतात, पाठ धरते, रात्री ट्रकांच्या दिव्यांनी झोपमोड होते, आणि सकाळी पेट्रोल पंपावरच्या नळाला तोंड धुवावं लागतं.

पंपावर जरा जपून. दक्षिणेकडे सरकलो तसे नळांवर, संडासांवर, खानावळींच्या दारांवर पाट्या येऊ लागल्यात: गोऱ्यांसाठी वेगळं, काळ्यांसाठी वेगळं. तुमच्या गव्हाळ कातडीला कुठल्या नळाचं पाणी, याचं उत्तर पाटीवर नाही, आणि पंपावरचा पोऱ्या तुमच्याकडे असा बघतोय की तुमची तहान आपोआप मरते. मी सांगितलं तर अर्ध्यातून परत जाल, म्हणून आधी बोललो नाही.

रात्र झाली, आता वाटेतल्या एका बारमध्ये चला. इथे ज्यूकबॉक्स आहे, माणसाच्या छातीएवढा, क्रोमचा, आतून लाल-पिवळा उजळलेला. दहा सेंटचं नाणं टाका. ‘खळ्ळ’ असा आवाज, आत एक यांत्रिक हात सरकतो, रांगेतली एक रेकॉर्ड उचलतो, उभी-आडवी करून ठेवतो. तुमच्या आधी कुणीतरी जिम रीव्ह्‌ज लावलाय, ‘हील हॅव टु गो’. मखमली आवाज, मागे मऊ कोरस, फिडलचा पत्ता नाही. त्यानंतर हँक लॉक्लिन, ‘प्लीज हेल्प मी, आय अ‍ॅम फॉलिंग’, त्यात फ्लॉइड क्रेमरचा तो सुरावरून सुरावर घसरणारा पियानो. दोन्ही नॅशव्हिलला निर्माता चेट अ‍ॅटकिन्सच्या हाताखाली झालेली, आणि दोघांनी या वर्षी पहिला नंबर चौदा-चौदा आठवडे अडवून धरलाय. शहरी दिवाणखान्यात शोभेल असं कंट्री संगीत आता चालतंय. त्याला नॅशव्हिल साउंड म्हणतात. ऐकायला छान आहे, पण या बारमध्ये, ग्लासांच्या आणि बूट आपटण्याच्या कालव्यात, ते विरघळून जातं. शेजारी बोलणाऱ्यांचा आवाजही कमी होत नाही.

मग कुणीतरी आपलं बटण दाबतं. पहिल्या सुराला स्टील गिटार तो कालवा अशी चिरत येते की बारमधली दोन डोकी वळतात. बस, दोनच, उगाच वाढवून सांगत नाही. पण त्यातलं एक डोकं बाईचं आहे. ती बोटात सिगारेट तशीच धरून ऐकते, राख लांब होत जाते आणि टेबलावर पडते. गाणं संपल्यावर ती पर्समध्ये नाणं शोधते. चार्ट म्हणतात तो इथून सुरू होतो, बाकी सगळी बेरीज.

ती बेरीज ‘बिलबोर्ड’ नावाचं साप्ताहिक करतं. रेकॉर्डच्या दुकानांना विचारायचं काय खपलं, रेडिओवाल्यांना विचारायचं काय वाजवलं, आणि आठवड्याला यादी छापायची. कंट्री अँड वेस्टर्नच्या यादीत जागा तीस. यादीचं नाव ‘हॉट सी अँड डब्ल्यू साइड्स’. साइड्स अशासाठी की नंबर रेकॉर्डला नाही, तिच्या एकेका बाजूला मिळतो. एकाच रेकॉर्डच्या दोन बाजू वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसू शकतात. आपल्या ‘व्हिस्परिंग सी’ला जागा मिळाली नाही, ‘हाँकी टाँक गर्ल’ला मिळाली. गाडी रस्त्यात असतानाच, जूनमध्ये, ती यादीत शिरली आणि त्या उन्हाळ्यात चढत चढत चौदाव्या नंबरवर पोचली.

चौदावा म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला. पहिल्या नंबरची सवय झालीय ना आपल्याला! जरा यादी हातात घ्या आणि वरची नावं वाचा: आरसीए, कोलंबिया, डेक्का, कॅपिटॉल. ज्यांच्या इमारतींना लिफ्ट आहेत अशा कंपन्या. त्यांच्यात एक ओळ झीरोची, जिचा विक्री विभाग आत्ता पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरतोय. शिवाय यादीत बायका किती ते मोजा, एका हाताची बोटं पुष्कळ झाली. पहिल्या नंबरवरची गाणी पैशानं आणि सवयीनंही टिकतात. तळातून चौदापर्यंत आलेलं गाणं मात्र एकेका माणसानं एकेका नाण्यानं ढकललेलं असतं, आणि मला विचाराल तर पहिल्या नंबरच्या चौदा आठवड्यांपेक्षा हे प्रकरण जास्त अवघड आहे. घमेंड एकाच गोष्टीची वाटते: त्यातली काही पाकिटं तुम्ही चिकटवलीत. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं: तिचे वडील टेड वेब मागच्याच वर्षी गेले. बुचर हॉलरच्या घरातला तो फिल्को रेडिओ त्यांनीच आणलेला.

नॅशव्हिलला गाडी रात्रीची पोचली. सकाळी मान वाकडी होऊन जाग येते, काच धुक्यानं भरलीय. हातानं पुसा. समोर विटांची, चर्चसारखी उंच इमारत. रायमन ऑडिटोरियम! ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम इथूनच होतो, बुचर हॉलरच्या रेडिओवर शनिवारी लागायचा तो. न्याहारीला डूनं डोनट आणलाय, तोही वाटून. तुमच्या वाट्याला साखरच जास्त येईल, बोटं चाटा.

शनिवार, 15 ऑक्टोबर. आज ती तिथे गाणार आहे. दुपारपासूनच फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर रांग लागलीय. शेतकरी, गिरणीकामगार, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया, बुटांवर तीनशे मैलांची धूळ. तळलेल्या कोंबडीचे डबे उघडलेत, तंबाखूच्या पिंका उडताहेत, कुणी कुणाला ओळखत नाही आणि सगळे सगळ्यांशी बोलताहेत. याच रस्त्यावर, थोडंसं पुढे, वूलवर्थच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर या फेब्रुवारीत काळे विद्यार्थी शांतपणे बसून राहिले होते. शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेले, आणि मे महिन्यात ते काउंटर त्यांच्यासाठी खुलं झालं. तेव्हा आता तुम्हाला तिथे एक कॉफी तरी मिळावी. रायमनच्या रांगेत मात्र तुम्हीच एकटे या रंगाचे आहात. सज्जावर ‘कॉन्फेडरेट गॅलरी’ असं लिहिलंय, गुलामगिरी राखायला लढलेल्या दक्षिणेची आठवण. मान वर करून वाचा, आणि आत चला.

आत खुर्च्या नाहीत, चर्चचे लांब लाकडी बाक आहेत, कारण इमारत मुळात प्रार्थनेसाठी बांधलेली. थॉमस रायमन नावाच्या बोटमालकानं 1892 मध्ये उभी केली. वातानुकूलन नाही. ऑक्टोबर असला तरी एवढी माणसं खांद्याला खांदा लावून बसल्यावर हवा जड होते: घाम, केसांचं तेल, पावडर, चॉकलेट. उन्हाळ्यात इथे पुठ्ठ्याच्या पंख्यांची फडफड चालते. बाकाला गादी नाही, तासाभरात तुम्ही या कुशीवरून त्या कुशीवर होता. आणि एक धक्का: स्टेजवर शिस्त नावाची गोष्ट नाही. गाणं चालू असताना मागे कलाकार गप्पा मारताहेत, कुणी गिटार लावतोय, कुणी शेंगदाणे खातोय. पुढे लोक बिनधास्त उठून स्टेजपर्यंत जातात, फ्लॅश उडवतात, परत येतात. मधेच मार्था व्हाइट पिठाची जाहिरात, तीही गाऊन, आणि लोक तिलाही टाळ्या देतात. डब्ल्यूएसएम या रेडिओ स्टेशनाचा पन्नास हजार वॅटचा प्रक्षेपक हा सगळा गोंधळ अर्ध्या अमेरिकेत नेऊन टाकतोय.

मग ती येते. तुम्ही वाळवंटात पाठ करून उभे राहिलात, तेव्हा जिनं गाडीत वाकून केस बसवले, तीच. इथे तिला आरसा मिळाला असेल, खोली मिळाली असेलच असं नाही. रायमनमध्ये पडद्यामागे जागेची बोंब आहे. गाणं सुरू होतं. एवढे महिने ते तुम्ही लाउडस्पीकरमधून ऐकलंत, आता ते थेट लाकडावर आपटून येतं. आतलं जुनं लाकूड आवाजाला असं धरतं की शेवटच्या बाकावरही शब्द फुटत नाही. तिच्या पायाकडे बघा. तो ठेका धरतोय. त्या रात्रीतलं तिला पुढे एवढंच आठवायचं, आपला पाय हलत होता. बाकीचं तुम्ही बघून घ्या, तिच्या वाटचंही.

संपलं. टाळ्या. पुढचा गायक, पुढची जाहिरात. कुणी थांबत नाही.

बाहेर या, गर्दीबरोबर वाहत ब्रॉडवेवर वळा. अर्नेस्ट टबचं रेकॉर्डचं दुकान अजून उघडं आहे; ऑप्री संपली की इथूनच मध्यरात्रीचा कार्यक्रम रेडिओवर जातो, रेकॉर्डच्या मांडण्यांमध्येच माइक उभा करून. आत मुंगीला जागा नाही. पुठ्ठ्याचा, शाईचा आणि नव्या प्लास्टिकचा वास, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत. पुढचं तुम्हाला माहीत आहे: तिला ऑप्रीवर पुन्हा पुन्हा बोलावणं येईल, विल्बर्न बंधू ही गायकांची जोडी मदत करेल, 1961 मध्ये डेक्का करार देईल, 1962 मध्ये ‘सक्सेस’ नावाचं गाणं सहाव्या नंबरवर जाईल. मला त्यातलं एकच सांगावंसं वाटतं. डेक्काचं बोलावणं आलं तेव्हा लोरेटा झीरोशी बांधलेली होती. आता कुठे पैसे परत यायची आशा होती, तरी बर्लीनं अडवलं नाही. आपली कंपनी तिला एवढं वर नेऊ शकणार नाही हे ओळखून त्यानं तिला करारातून मोकळं केलं. या धंद्यात पुढे असा माणूस शोधायला निघालात तर आणखी एक गाडी लागेल.

काउंटरपर्यंत आलात? सात इंची रेकॉर्डला डॉलरच्या आतच पैसे पडतील. खिशात हात घाला. दहाची दोन नाणी आणि फोन. मोबाइलनं पैसे देऊ का, असं विचारायला तोंड उघडलंत, ते मिटा. आणि बाजूला व्हा आता, मागचा टोपीवाला दोनदा खाकरलाय.